वाढत्या मापाच्या तारा

उपेंद्र खांबेटे यांचं सगळं आयुष्य वस्तू तोडण्यात गेलं. चोरून नाही, राजरोस, सरकारी पगारावर. बेंगळुरूतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत विमानांचे सुटे भाग यायचे. खांबेटे ते यंत्रात अडकवायचे, ताण द्यायचे, वाढवत न्यायचे आणि भाग कधी तुटतो ते बघायचे. तुटला की सगळा विभाग टाळ्या वाजवायचा, चहा यायचा आणि अहवालात 'चाचणी यशस्वी' असं लिहिलं जायचं. असा माणूस निवृत्तीला टेकला की त्याच्या हातात घरातली धड वस्तू म्हणून देऊ नये, हे त्यांच्या बायकोला, कल्पनाताईंना, पुरतं ठाऊक होतं. मुलीला, वेदिकाला, ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. पण त्या दिवशी तिची मती फिरली आणि तिने बापाला गिटारच्या तारा आणायला सांगितलं.

"बाबा, शनिवारी इंदिरानगरला आमचं रेकॉर्डिंग आहे," बुटाची नाडी बांधता बांधता ती म्हणाली. "माझ्या तारा जुन्या झाल्यात, रेकॉर्डिंगला नव्या लागतात. आणि आमचं गाणं एकदम खालच्या सुरात आहे. त्यासाठी तारा ढिल्या कराव्या लागतात, मग सगळ्यात जाडी तार नुसती लोळते. तर आत्ता आहेत त्यापेक्षा एक नंबर जाड आण. फक्त एक नंबर. पाकिटाचा फोटो पाठवते. मला ऑफिसातून निघणं जमणार नाही. तुला धातूतलं कळतं म्हणून सांगतेय."

आता हे शेवटचं वाक्य खांबेट्यांच्या काळजाला जाऊन कसं भिडलं, ते कळायचं तर घरातली परिस्थिती सांगायला हवी. बापलेकीत भांडण नव्हतं. भांडण नव्हतं हीच तर पंचाईत होती. लहानपणी ही पोरगी कडाकडा भांडायची, ताट सरकवायची, दार आपटायची. पुढे नोकरी लागली, रोज व्हाइटफील्डला जायला लागली आणि बापाशी गोड बोलायला लागली. 'इट्स ओके, बाबा.' 'नो प्रॉब्लेम, बाबा.' बँकेच्या काउंटरवर आपण बोलतो ना, तसं. तिचं ते हेवी म्युझिक ती त्यांना ऐकवायची नाही, कुठे वाजवायला जाते ते सांगायची नाही. घरी आली की कानाला हेडफोन लावायची आणि खोलीचं दार अगदी हळूच लोटून घ्यायची. त्या हळूच लोटलेल्या दाराचा खांबेट्यांना फार त्रास व्हायचा. आपटलं असतं तर निदान उठून काहीतरी बोलता आलं असतं.

आणि आज तिने आपण होऊन काम सांगितलं होतं, तेही धातूतलं. खांबेटे आंघोळीला गेले तेव्हा चक्क शीळ घालत होते.

"फोटो दाखवा, पाकीट घ्या आणि घरी या," कल्पनाताई बाथरूमच्या दाराबाहेरून म्हणाल्या. "डोकं लावू नका."

पण डोकं ही काय घरी ठेवून जायची वस्तू आहे? 'एक नंबर जाड', पण कुठल्या आधारावर? ताण मोजला होता का? खांबेट्यांच्या खात्यात कुठलीही गोष्ट लागते तेवढीच कधी धरत नसत. शंभर किलो पेलायचं असेल तर दीडशेचा हिशेब धरायचा, हा नियम. लागेल तेवढंच घेऊन विमान उडवणारा माणूस त्यांना अजून भेटायचा होता. गिटार काही उडणार नव्हती, पण तत्त्व ते तत्त्व.

शंका निघाली की ती सी. व्ही. रामन नगरातल्या त्यांच्या इमारतीत पार्किंगमध्ये फुटायची. तिथे विश्वासराव सकाळी स्कूटर पुसत असत. विश्वासरावांचं घराणं शहाजीराजांच्या मागोमाग या गावात आलं आणि ते अजून त्याच ऐटीत होतं. त्यांची नात रक्षिता वेदिकाच्याच बँडमध्ये ड्रम वाजवायची आणि रेकॉर्डिंग झालं की लगेच कॅनडाला शिकायला जाणार होती. म्हणून तर शनिवार पुढे ढकलायची सोय नव्हती.

"हेवी म्युझिक म्हणतात ना ओ त्याला?" विश्वासराव फडकं झटकत म्हणाले. "मग तार हेवी. ह्यात विचार काय करायचा? लाइट तारेतनं हेवी आवाज कसा येणार, स्वल्प तुम्हीच सांगा, उपेंद्रराव."

यात खोट काढण्यासारखं खांबेट्यांना काही दिसेना. विश्वासरावांच्या पत्नी अंबुबाई तेवढ्यात भाजी घेऊन आल्या. त्या पन्नास वर्षं वीणा वाजवत होत्या, त्यामुळे तार हा शब्द कानावर पडताच थांबल्या. "अय्यो, अण्णा, काय पण करा, शुक्रवारी तार बदलू नका हं. लक्ष्मीचा वार. माझ्या गुरूंनी शुक्रवारी एकदा बदलली, वीणेचा भोपळाच फुटला." खांबेटे हसले. विज्ञानाचा माणूस असल्या गोष्टींना हसतो. पुढे काय झालं ते येईलच.

संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचा जितेंद्र आपण होऊन वर आला. हा मूळ पुण्याचा, आयटीतला. त्याला माहीत नाही अशी गोष्ट जगात नव्हती, फक्त ती दाखवायला मोबाइलला रेंज लागायची. त्याने एक व्हिडिओ लावला. त्यात एक दाढीवाला गोरा पोटतिडकीने सांगत होता की हेवी रेकॉर्डिंगला जाड तारेशिवाय पर्याय नाही. मग दुसरा लावला. त्यात दुसरा दाढीवाला तितक्याच तळमळीने सांगत होता की लोक जाड तारांच्या नादी लागून आवाजाची माती करतात, बारीकच घ्या. दोघांच्याही मागे भिंतीवर गिटारी टांगलेल्या. विश्वास ठेवायचा तर कुणाच्या दाढीवर?

"काका, त्यात परत निकेल आणि स्टील आहे," जितेंद्र म्हणाला. "निकेलचा साउंड वॉर्म येतो, स्टीलचा ब्राइट. पण अल्टिमेटली ना, टोन इज इन द फिंगर्स. तारेत काही नसतं, सगळं बोटांत असतं."

"मग तारा कशाला घ्यायच्या?" खांबेट्यांनी विचारलं.

जितेंद्रने मोबाइल खिशात घातला. मग कल्पनाताईंनी दिलेले पोहे खाऊन खाली गेला.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून खांबेट्यांनी दुकान गाठलं, इंदिरानगरातलं. दुकानदार चाळिशीचा, केस मानेवर, दंडावर कवटी गोंदलेली, पण बोलायला अत्यंत अदबशीर. भिंतभर तारांची पाकिटं लटकलेली. खांबेट्यांनी ऐटीत सांगितलं, "हेवी म्युझिक के लिए तार चाहिए."

"हेवी में कौन-सा हेवी, सर?"

हेवीतही पोटजाती असतात हे खांबेट्यांना माहीत नव्हतं. मग त्याने विचारलं, सूर कितीने उतरवता, गिटारची मान किती लांब, एकटी गिटार आहे की दोन. एका प्रश्नाचंही उत्तर येईना. मागे तीन पोरं रांगेत उभी राहून ऐकत होती. माणसाची सेवाज्येष्ठता असल्या ठिकाणी काही कामाची नसते. फोटो दाखवून सुटता आलं असतं, पण 'तुला धातूतलं कळतं' असं ज्याला म्हटलंय त्याने फोटो दाखवावा? त्यांनी वेदिकाला फोन लावला.

"बाबा, मीटिंगमध्ये आहे रे. फोटो पाठवलाय ना?"

"अगं हो, पण मूळ प्रश्न असा आहे की ताण..."

"इट्स ओके, बाबा. तुला योग्य वाटेल ते." आणि फोन ठेवला.

बिचारीने फोन तोडण्यासाठी म्हटलं. खांबेट्यांनी तो सर्वाधिकार समजला.

इथे खांबेट्यांच्या घराची एक रीत सांगायला हवी. या घरात वस्तू मापाची आणायची पद्धत कधी नव्हती. 'वाढतं अंग आहे' हा तिथला मंत्र. वेदिकाचे शाळेचे बूट दोन नंबर मोठे यायचे, त्यांच्या टोकात कापूस कोंबून ती शाळेत जायची. स्कर्ट कमरेत दुमडून टीप मारलेला. सायकल अशी, की पायडलला नुसते अंगठे पुरायचे. सायकलवर नीट बसता यायला लागलं तोवर तिने सायकल सोडली होती. पण वस्तू वाया गेली असं कुणी म्हणू शकलं नसतं. खांबेटेही असेच वाढलेले, त्यांचे वडीलही. सगळं घराणं बुटात कापूस घालून पुढे आलं होतं.

तर खांबेटे पाकिटांसमोर उभे राहिले. एक नंबर जाड दिसलं. त्याच्या शेजारी त्याहून जाड, त्याच्या शेजारी त्याहूनही. आता मुलगी पंचवीस वर्षांची, ती काही वाढणार नव्हती. पण तिचं संगीत वाढेल की! उद्या आणखी हेवी वाजवावंसं वाटलं तर? त्यांनी भिंतीवरचं सगळ्यात जाड पाकीट काढलं. दुकानदार म्हणाला, "सर, पक्का? ये तो बहुत मोटा है." खांबेटे म्हणाले, "चलेगा."

तो दिवस शुक्रवार होता.

वेदिकाने तारा आणायला सांगितल्या होत्या, लावायला नव्हे. कल्पनाताईंनी हे दोनदा सांगून पाहिलं. पण खांबेट्यांच्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं होतं. पोरगी ट्रॅफिकमधून दमून येते, बघते तो गिटार नव्या तारांनी सजून तयार. 'बाबा!' म्हणते. पुढे काय म्हणते ते त्यांनी ठरवलं नव्हतं, पण 'इट्स ओके' म्हणत नव्हती एवढं नक्की.

त्यांनी पक्कड घेतली आणि सहाच्या सहा जुन्या तारा कचाकच तोडल्या. त्यासरशी गिटारच्या पोटातून 'धडक' असा आवाज आला आणि तारा खाली ज्या लोखंडी पट्टीत अडकवतात ती पट्टी आत धसली. ही पट्टी त्या गिटारीत स्प्रिंगांवर तरंगत असते. एकीकडून तारा ओढतात, दुसरीकडून स्प्रिंगा, आणि दोघांच्या भांडणात ती सरळ उभी असते. एक पक्षच मेल्यावर दुसरा तिला घेऊन गेला.

"अहो, मोडलीत ना?" कल्पनाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"तात्पुरती," खांबेटे म्हणाले.

जुन्या तारा कुणाला टोचू नयेत म्हणून त्यांनी त्यांचे बारीक तुकडे केले आणि जिन्याखालच्या सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकले. तिथे इमारतीचे सेक्रेटरी चंद्रकांत दबा धरूनच बसलेले असत. धातू सुक्या कचऱ्यात चालत नाही, म्हणाले. धातू बुधवारी. टोकदार धातू असेल तर कागदात गुंडाळून, लाल खूण करून, बुधवारी. आणि टोकदार धातू वाद्याचा असेल तर? याला नियम नव्हता. चंद्रकांत म्हणाले, कमिटीपुढे ठेवतो, तोवर घरी ठेवा. साठीला आलेला प्रथम श्रेणी अधिकारी जिन्याखाली वाकून डब्यातून तारांचे तुकडे वेचत होता, आणि वरून येणारे-जाणारे लोक 'काही हरवलं का, अंकल' म्हणून विचारत होते.

वर येईतो विश्वासराव, अंबुबाई आणि जितेंद्र दिवाणखान्यात जमले होते. संकटाची बातमी पोचायला या इमारतीत लिफ्ट लागत नाही. विश्वासरावांनी गिटार मांडीवर आडवी धरली. जितेंद्रने व्हिडिओ लावला. पहिलीच जाडी तार गिटारच्या वरच्या टोकाला असलेल्या खाचेत बसेना. ज्या खाचेत शेवईएवढी तार बसायची तिथे आता दोरखंड आला होता. खांबेट्यांनी कल्पनाताईंची नखं घासायची कानस मागितली आणि खाचा रुंद केल्या. हाताला काम मिळालं की माणसाला बरं वाटतं. त्यांना इतकं बरं वाटलं की सहाही खाचा त्यांनी सढळ हाताने रुंद केल्या.

तारा चढल्या. प्रश्न आला सुराचा. गाणं किती खालच्या सुरात आहे, कुणालाच माहीत नव्हतं. अंबुबाई म्हणाल्या, "आणा इकडे, माझ्या वीणेच्या षड्जाला लावते. कान तयार आहे माझा." आणि ज्या तारा ढिल्या करून वाजवायच्या म्हणून इतक्या जाड घेतल्या, त्या अंबुबाईंनी कान लावून, डोळे मिटून, पिळत पिळत वीणेच्या सुरापर्यंत नेल्या. गिटारची मान बारीक कुरकुरली. लोखंडी पट्टी आता उलट्या बाजूने वर उठली. जितेंद्र सोफ्यामागे जाऊन उभा राहिला.

"सरी, झालं," विश्वासराव म्हणाले. "ठेवा आता."

इथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण खांबेट्यांच्या हातून आजवर एकही वस्तू न तपासता बाहेर गेली नव्हती. "एक मिनिट. वापरात येण्याआधी दीडपट ताण देऊन बघायचा असतो," ते म्हणाले, आणि त्यांनी खुंटी पिळली. कल्पनाताई धावल्या. 'अहो' म्हणेपर्यंत 'फटाक' असा बार झाला, तार तुटून भिंतीवरच्या घड्याळाला लागली, आणि खांबेट्यांचे दोन्ही हात नोकरीतल्या सवयीने एकमेकांवर आपटले.

त्यांनी टाळी वाजवली होती. आणि दारात वेदिका उभी होती.

तिने गिटार पाहिली. कानस पाहिली, जमिनीवरचा खाचांचा पांढरा भुगा पाहिला, अंबुबाईंकडे पाहिलं, टाळीच्या जागी थिजलेले बापाचे हात पाहिले. खांबेटे मनात म्हणाले, बोल. काय वाटेल ते बोल. फेकून मार काहीतरी.

"इट्स ओके, बाबा," वेदिका म्हणाली. "बघते काहीतरी." आणि खोलीत जाऊन दार हळूच लोटून घेतलं.

त्या रात्री खांबेट्यांना घास गेला नाही. मेली विद्या, मेली ती प्रयोगशाळा, असं त्यांना झालं. कल्पनाताई एक शब्द बोलल्या नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली की असं न बोलणंही नीट ऐकू येतं.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच खांबेटे गिटार मांडीवर घेऊन बंद शटरपुढे बसले होते. दुकानदाराने आल्या आल्या गिटार हातात घेतली, खाचांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ये किसने किया, सर?"

"पडोसी ने," खांबेटे म्हणाले. विश्वासराव मोठ्या मनाचे आहेत, हे त्यांना माहीत होतं.

दुकानदाराने मागे एक स्प्रिंग वाढवली, तसल्याच जाड तारांचं दुसरं पाकीट फोडलं, सूर पार खाली आणला. "अब यही लगेगा, सर. खांचा इतना चौड़ा हो गया है कि पतला तार डालोगे तो खड़खड़ करेगा." म्हणजे खांबेट्यांची निवड आता कायम झाली होती. आयुष्यात एकदा त्यांचं म्हणणं असं निर्विवाद मान्य झालं, तेही खाचा घासून.

स्टुडिओ इंदिरानगरातच, एका दंतवैद्याच्या वरच्या मजल्यावर. चालवणारा प्राणेश, मोठा शांत माणूस, कन्नड आणि इंग्रजीत बोलायचा. रक्षिताचे ड्रम वाजवून झाले होते. वेदिकाने गिटार घेतली, बापाला 'थँक यू' म्हटलं आणि कोपऱ्यातलं स्टूल दाखवलं. "इथे बस. आणि बाबा, प्लीज, कशाला हात लावू नकोस हं."

तिने वाजवायला सुरुवात केली. त्या तारा दाबता दाबता तिची बोटं लाल झाली. मधेच ती हात झटकायची आणि बापाकडे पाहून हसायची. ते हसू खांबेट्यांना बघवत नव्हतं. प्राणेश दोन-तीनदा ऐकून मान हलवत म्हणाला, जाड तारेने आवाज हेवी होतोच असं नाही, मॅडम, कधीकधी झोपतो. आपण जागा करू. आणि बटणं फिरवत बसला. कोपऱ्यात खांबेटे एवढे लहान झाले की स्टूल मोठं वाटायला लागलं.

गिटार एकदाची झाली, शेवटचा तुकडा तेवढा राहिला. मग गाणं. गाणं म्हणजे काय, ओरडायचं असतं. पोटातून, संतापून. वेदिका काचेपलीकडच्या खोलीत माइकसमोर उभी राहिली आणि ओरडली. प्राणेशने मान हलवली. परत ओरडली. परत मान हलली.

"सगळं बरोबर आहे, मॅडम," तो माइकवरून तिला म्हणाला, "पण राग येत नाहीये. कस्टमर केअरसारखं वाटतंय."

वेदिका 'ओके' म्हणाली, 'सॉरी' म्हणाली, पाणी प्यायली. पुन्हा ओरडली. रक्षिता नखं खात होती. चार दिवसांत तिचं विमान होतं, आणि आज झालं नाही तर हे गाणं कधीच होणार नव्हतं. घामाघूम होऊन पोरगी ओरडत होती आणि आवाज मात्र तोच, समजूतदार, बापाशी बोलायचा. खांबेट्यांना भडभडून आलं. हिला एवढी सभ्य कुणी केली?

काहीतरी मदत करावी, या भावनेने माणूस वाया जातो. शेजारी गिटार उभी करून ठेवली होती आणि जाड तारेचं कापायचं राहिलेलं टोक खुंटीबाहेर लोंबत होतं. असं मोकळं टोक खांबेट्यांच्या विभागात कुणी ठेवून दाखवावं! उद्या कुणाच्या डोळ्यात गेलं म्हणजे? खिशात पक्कड होतीच. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, हळूच वाकले आणि टोक अगदी मुळाशी, स्वच्छ कापलं. खुंटीवरचा वेढा क्षणभर विचारात पडला. मग 'सर्रर्र' करून तार निसटली आणि गिटार खण्णकन वाजली.

काचेपलीकडे वेदिकाने मान वळवली.

"बाबा!!"

ती काचेपलीकडे ओरडत होती आणि आवाज खांबेट्यांच्या डोक्यावरच्या दोन कपाटाएवढ्या स्पीकरांतून येत होता. "हात लावू नको म्हटलं होतं ना! हात लावू नको म्हटलं होतं! एक नंबर सांगितलं होतं, एक नंबर! बूट मोठे! स्कर्ट मोठा! सायकल मोठी! आख्ख्या जन्मात माझ्या मापाचं एक तरी काही आणलंस का रे?"

दंतवैद्याकडची माणसं जिन्यात येऊन उभी राहिली होती, असं रक्षिता नंतर सांगायची. खांबेट्यांच्या हातातून पक्कड पडली. प्राणेशने मात्र एक बोट ओठांवर ठेवलं, दुसऱ्या हाताने तिच्या कानात आवाज जाणारं बटण दाबून धरलं आणि खांबेट्यांना खूण केली. बोला, सर. इन्नू स्वल्प. आणखी थोडं.

खांबेट्यांनी माइकपाशी तोंड नेलं. त्यांना खरोखरच समजूत घालायची होती. "अगं," ते म्हणाले, "थोडं मोठं घेतलेलं बरं असतं. पुढे उपयोगी पडतं."

त्यावर वेदिकाच्या तोंडून जे निघालं त्यात शब्द नव्हते. तिच्या ग्लासातलं पाणी थरथरलं. कुठल्या तरी कापूस कोंबलेल्या बुटापासून ते कालच्या टाळीपर्यंत जे साठलं होतं ते सगळं एकदम बाहेर आलं, आणि लांबलंच. प्राणेशने डोळे मिटून घेतले होते. तिचा श्वास संपला तेव्हा तो हळूच म्हणाला, "टेक ओके."

मग खांबेट्यांकडे वळून त्याने विचारलं, "सर, आधीचे ते काय शब्द होते? कुठली भाषा?"

"मराठी."

"अर्थ काय?"

"घरगुती आहे," खांबेटे म्हणाले.

शेवटचा गिटारचा तुकडा वाजवायला तारच नव्हती. त्याच्या जागी रक्षिताचे ड्रम आणि तो आरडाओरडा एवढंच ठेवलं. खांबेटे खाली फुटपाथवर येऊन उभे राहिले. चारचौघांत, परक्या माणसासमोर, पोटच्या मुलीने लाज काढली होती, आणि तिचं रेकॉर्डिंग करून ठेवलेलं होतं. त्यांनी कल्पनाताईंना फोन लावला.

"काय झालं?" त्या धसकून म्हणाल्या.

"ओरडली."

"कोण?"

"वेदिका. माझ्यावर. खूप." आणि मग त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "अगं, आपली वेदिका ओरडली."

वर स्टुडिओचं दार धाडकन आपटल्याचा आवाज खालपर्यंत आला.

गाणं झालं. रक्षिता गेली. विश्वासरावांनी ते पार्किंगमध्ये मोबाइलवर ऐकलं आणि म्हणाले, आमच्या पोरीचा ढोल बरा आहे ओ, पण मध्ये मध्ये कोण भांडतंय? वेदिका आठवडाभर बापाशी बोलली नाही. म्हणजे नीट बोलली नाही, तिरसटून बोलली. खांबेट्यांना वाईट वाटायचं, आणि जेवण जायचं.

मग एके दिवशी तिने पाकिटाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'हेच. हेच म्हणजे हेच. अर्धा नंबर जरी जाड आणलास तर बघ.' खांबेटे इंदिरानगरला गेले, दुकानदारासमोर फोन धरला, तोंडातून शब्द काढला नाही आणि तेच पाकीट घेऊन आले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मापाची वस्तू आणली होती.

वेदिकाने तारा स्वतः चढवल्या, एकेक करून. सूर लावला, वाजवलं, आणि गिटार खडखडली. कानशीने रुंद केलेल्या त्या खाचांत मापाच्या तारा सैल पडून हलत होत्या. "ती वरची खाचांची पट्टी बदलावी लागेल गं," खांबेटे चाचरत म्हणाले, "मी दुकानात..."

"तू बस तिथे."

तिने पाकिटाचा कागद फाडला. बारीक घडी केली. जमिनीवर मांडी घालून, जीभ दातांत धरून, ती घडी बोटाने खाचेत कोंबली, वर तार बसवली. मग दुसरी. अगदी अश्शीच ती सकाळी शाळेच्या आधी उंबऱ्यात बसायची, मांडीवर बूट घेऊन, शेजारी कापसाची पुडी. खांबेटे पेपरमागून बघायचे, आणि तेव्हा त्यांना त्यात बघण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

खडखड थांबली. तिने एकदा जोरात छेडलं.

"बघ," वेदिका मान वर न करता म्हणाली. "मला सवय आहे."

'थोडं मोठं घेतलेलं...' खांबेट्यांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.